टोकन न ठेवता दिलेली ड्रिल मशीन

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. हिरवा रंग, जाड वायर आणि स्वभाव जळका. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो. उगाच साळसूदपणाचा आव कशाला?

माझा मालक नवनाथ. मूळचा बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. पहिल्या बोनसमधून त्याने मला घरी आणली तेव्हा त्याची बायको शालन म्हणाली, "आली का सवत घरात!" मी मनातून फुलले. निघोज्याच्या आमच्या चाळीत कुणाचा पंखा असो की कुणाची फळी, भोक पाडावं ते नवनाथनेच. "याच्या हातानं भिंतीला तडा जात नाही राव," असं लोक म्हणत. त्याच्या हाताचं कौतुक झालं तरी माझ्या पोटात दुखायचं. भोक मी पाडत होते ना!

मग आला निरंजन. नवनाथचा त्याच शिफ्टमधला जिवलग दोस्त. त्याने मोशीला फ्लॅट घेतला होता. पडद्याचे रॉड लावायला त्याने मला मागितलं आणि वर मेसेजही टाकला, "भावा, खंडेनवमीच्या आत परत देतो." खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी मी घरात हवीच. कंपनीच्या स्टोअरमधून साधा पाना घ्यायचा तरी आपल्या नंबरचं पितळी टोकन ठेवावं लागतं. टोकन नाही तर पाना नाही. हा नियम रोज पाळणाऱ्या नवनाथने मला मात्र तशीच देऊन टाकली. दोस्तीत कसलं टोकन, म्हणे!

रॉड एका दिवसात लागले. मग सोसायटीतली माणसं दारात येऊ लागली. "निरंजनभाऊ, तुमची मशीन द्या ना जरा." तुमची! निरंजनची मान ताठ झाली. खंडेनवमीला त्याने आपल्या नव्या मोटारसायकलला झेंडूचा हार घातला आणि मी चपलांच्या कपाटात. काय जळफळाट झाला म्हणून सांगू! नवनाथचे फोन येत. "उद्या देतो रे," हे उत्तर सात महिने चाललं. शेवटी निरंजन चक्क म्हणाला, "अरे, तूच तर गिफ्ट दिली होतीस!" फोन ठेवून बायकोला, वर्षालीला, सांगतो कसा, "त्यानं बॅटरीवाली नवी घेतलीय. त्याला हिची काय गरज?"

बॅटरीवाली! म्हणजे माझी जागा त्या बयेने घेतली. आता नवनाथ कशाला येतोय मला न्यायला?

पण वकिलाची नोटीस आली. वर्षालीने ती मोठ्याने वाचली. तोंडी करार हाही करारच असतो. मेसेज आहे, खरेदीचं बिल आहे. पंधरा दिवसांत वस्तू परत करा, नाहीतर दिवाणी दावा लावू आणि विश्वासाने दिलेली वस्तू बळकावली म्हणून पोलिसांतही तक्रार देऊ. निरंजनचा चेहरा पडला. दावा लावण्याआधी मध्यस्थीला बसायचं ठरलं.

टेबलावर मी आणि दोन्ही बाजूंना दोन दोस्त. मध्यस्थ होत्या योगिनीताई. त्यांनी विचारलं, "नवनाथराव, तुमच्याकडे नवी आहे. हिची भरपाई घेऊन मिटवता का?"

"भरपाई नको. माझी मशीन द्या."

माझा ऊर भरून आला, मित्रांनो. मग तो निरंजनकडे वळला. "का ठेवलीस रे?"

निरंजन खाली बघत बोलला, "कंपनीत काही अडलं की सगळे तुलाच हाका मारतात. मला कोण विचारतं? ही घरात आली आणि माणसं माझ्या दारात यायला लागली. सोडवेना."

घ्या! ज्याला मी इतके महिने शिव्या घातल्या तो माझ्याच जळक्या जातीचा निघाला.

 नवनाथने समझोत्यावर सही केली, मला पिशवीत घातलं आणि घरी आणलं. आता बॅटरीवाली पेटीत आणि मी हातात. आणखी काय हवं होतं मला?

परवाच्या रविवारी नवनाथ शेजारी पंखा लावायला शिडीवर चढला. इतकी वर्षं शिडी निरंजन धरायचा. सवयीने नवनाथने हात खाली केला. "निऱ्या, मशीन दे रे," म्हणाला. खाली कोणीच नव्हतं. तो उतरला आणि मला स्वतःच उचलून वर गेला.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू आणलीत तर सांगितल्या दिवशी परत करा. आणि देणारा दोस्त असला तरी दोन ओळी लिहून घ्या, त्याने मैत्री हलकी होत नाही. मला परत आणायला कायदा होता. निरंजनला परत आणायला नवनाथने कुठल्या वकिलाकडे जावं?