मागचं डावं दार

भाचीच्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलेलं, त्यामुळे चष्मा काढायला गेलं की आधी तेच हाताला लागायचं आणि मामांना स्वतःचीच लाज वाटायची. फोन कानाला लावला की मामांची वाचा बसते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याशी कामाचं काही बोलायचं तर माणसं सरळ पत्र लिहीत.

भाचीने लिहिलं होतं : ‘मामा, तुमची गाडी नुसती उभी असते असं मामी म्हणाली. मला द्याल का? दवाखान्यात माझी ड्यूटी कधीही लागते, माझ्या चिमणीला घेऊन बससाठी ताटकळावं लागतं. धाकटे मामा म्हणाले, गाडी मी स्वतः तपासलीय, डोळे मिटून घे. पुढच्या महिन्यात सुटी काढून न्यायला येईन. चिमणीने तर जागाही धरून ठेवलीय. मागे, डावीकडे, काचेला गाल लावून.’

द्यायला मामांची ना नव्हती. पण त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. स्वतः वाचल्याशिवाय कुठल्याही पानावर त्यांनी सही केली नव्हती. आता धाकट्या भावाने तपासलंय म्हटल्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. आणि आपल्याला गाडीतलं कळतं तरी काय? ह्या विचारात पत्र तसंच पडून राहिलं.

“अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा,” मामी वैतागल्या. “पोरगी वाट बघतेय. तुमच्या पत्राला कोणी मार्क देणार नाहीये.”

तेव्हा कुठे मामा गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काखेत मारून खाली उतरले.

गाडीचं दार उघडल्याबरोबर नाकात तो वास शिरला. ओली सतरंजी, नासलेलं दूध आणि कुणाच्या तरी डोक्याचं तेल. दोन वर्षं झाली, पण आधीच्या मालकाचं घर काही गाडीतून हललं नव्हतं. सीटच्या फटीत नखांचे तुकडे होते. मामांनी रुमाल नाकाला लावला.

गाडी धाकट्यानेच शोधून दिलेली. घेतली तेव्हा तिचा आतला दिवा विझायचा नाही. दारं लावलेली असली तरी दार उघडं आहे म्हणून ती पिकपिक करत राहायची, आणि सकाळी बघावं तर बॅटरी मेलेली. मामा अगदी रडकुंडीला आले होते. धाकटा एका संध्याकाळी गाडी घेऊन गेला आणि तिला गप्प करून घेऊन आला. “सेन्सर सडलेला होता, दादा. केला सरळ.” मामांनी येईल-जाईल त्याच्यापुढे त्याच्या हाताचं कौतुक केलं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं तसं मामांनी एकेक दार उघडून पाहिलं. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक छोटं बटण, धाकट्याचा तो सेन्सर. दार उघडलं की ते बाहेर येतं, दिवा लागतो. दार लागलं की दबतं, दिवा विझतो. पुढची दोन्ही दारं बरोबर. मागचं उजवं बरोबर. मागचं डावं उघडलं, तर दिवा लागलाच नाही.

‘आपलंच काहीतरी चुकलं,’ म्हणून मामांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. मग बटणाचा स्क्रू काढला. बटण हातात आलं, मोकळंच. त्याची तार मागे पोकळीत लोंबत होती, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तुटलेली नव्हती, काढलेली होती. आणि पट्टीचं शेवटचं टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. अशी टोक दुमडायची खोड सगळ्या घरात एकालाच होती.

मामा जमिनीवरच बसले. मग उठून त्यांनी तार जोडून बटण परत बसवलं. दिवा लागला. दार लावलं, तरी दिवा जळतच राहिला. म्हणजे धाकट्याचं खरं होतं की काय? त्यांनी दार उघडून बटण बोटाने दाबलं. दिवा पटकन विझला. सोडलं, लागला. बटण ठणठणीत होतं! मग दार लावल्यावर ते दबत का नव्हतं?

खिशात कच्च्या मुद्रिताची जुनी पट्टी होती, वाचताना ओळीखाली धरायची. मामांनी ती उजव्या दारात धरून दार लावलं. ओढली तर फाटायला आली. डाव्या दारातून ती लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली.

दार लागतच नव्हतं. लागल्यासारखं दिसत होतं.

त्या सीटवर आजवर बसलं कोण? पुढे नवरा-बायको आणि मागे ग्रंथालयाच्या पुस्तकांची पिशवी. मामा आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि चिमणी टेकेल तसा काचेला गाल लावला. खांद्याचा थोडा भार पडला असेल नसेल, कट् असा आवाज झाला, आणि दारासकट मामा बाहेर. हात जमिनीवर टेकला म्हणून तोंड फुटायचं वाचलं.

दाराच्या कडेला जिथे कुलपाचा आकडा फिरतो, त्या खाचेत त्यांनी वाकून पाहिलं. आत च्युइंगमचा काळागुलाबी गोळा बसला होता. त्यावर सांडलेल्या सरबताचा चिकट थर, त्यात रुतलेल्या मुंग्या, केसांचा गुंता, जुनं ग्रीस. मामांनी छत्रीची काडी घालून तो उकरला. लोंबत बाहेर आला तो गोळा बोटाला चिकटला, झटकला तरी सुटेना. आकडा मात्र घाण निघाल्यावरही अर्धाच फिरत होता. आत गंज धरला होता.

मामांनी हात तीनदा साबणाने धुतले. आंबूस गोड वास जाईना.

संध्याकाळी मामींच्या निरोपावरून धाकटा आला.

“अरे दादा, एका तारेसाठी मला बोलावलंस? मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं.”

“तू तार काढलीस.”

“काढली. तूच माझ्यापुढे रडत होतास ना, तो दिवा बंद कर म्हणून? केला. दोन वर्षं निवांत झोपलास.”

“दिवा खरं सांगत होता रे. दार लागत नव्हतं.”

“ते मला काय माहीत? सगळेच काढतात. जुन्या गाड्यांत सेन्सर वेड्यासारखेच वागतात.”

“दार बघितलंस का?”

“आता प्रत्येक दाराची नाडी बघत बसू?”

“आणि तिला सांगितलंस, स्वतः तपासलीय.”

धाकटा खळखळून हसला, नेहमीसारखाच. “गाडी तुझ्या गळ्यातून सुटावी म्हणूनच सांगितलं ना! ग्रीस मार, तार परत काढून टाक आणि दे. नाहीतर दिवा बघून ती रोज मला फोन करेल. चिमणीला उजवीकडे बसव म्हणावं.”

मामांना त्या हसण्याची शिसारी आली. छापखान्यात एक नवखा कंपोझिटर होता. चूक दुरुस्त करायच्या ऐवजी समासात केलेली खूणच तो खोडून ठेवायचा. त्याला पहिल्याच आठवड्यात नारळ मिळाला होता. हा तर पाठचा भाऊ.

“तू जा,” मामा म्हणाले.

“म्हणजे?”

“घरी जा. मला तुझ्याकडे बघवत नाहीये.”

धाकट्याने मामींकडे पाहिलं. मामी पदराने टेबल पुसत राहिल्या. “बरं,” तो चपला घालत म्हणाला, “पण पत्रात माझं नाव घालू नकोस. उगाच पोरीच्या मनातून उतरेन.”

मामांना लिहायला बसवेना. आपण फार ताणतोय का? भाचीच्या लग्नात धावपळ धाकट्यानेच केली होती. आपण कोपऱ्यात वाचत बसलो होतो. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘दारात किरकोळ दोष आढळला.’ वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यावर ‘आधीच्या मालकाने’ इथपर्यंत आले आणि तेही फाडलं.

तिसऱ्यावर लिहिलं : ‘गाडी तुझीच. पण मागच्या डाव्या दाराचं कुलूप नवं बसल्याशिवाय नेऊ नकोस. आज मी त्या दारातून पडलो. दार लागत नाही हे दिवा सांगत होता. त्याची तार धाकट्याने काढली आणि दार तसंच ठेवलं. तपासली म्हणाला, पण त्याने तपासली नव्हती. मीही नाही. कारागीर मी बघतो. आल्यावर चारही दारं तू स्वतः लावून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.’

मामींनी कागद उजेडात धरून वाचला. “त्याचं नाव घातलंत?”

“घातलं.”

“दिवाळं निघेल हो नात्याचं.”

“निघू दे.”

मामींनी पाकिटाला गोंद लावला आणि कडेवरून अंगठा फिरवला. मामांनी चप्पल घातली. कोपऱ्यावरच्या पेटीचं झाकण गंजाने घट्ट झालं होतं. एका हाताने ते वर धरून मामांनी पाकीट आत सोडलं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत झाकण धरून ठेवलं.