पार्वतव्वाच्या ट्रंकेतल्या डब्या

पार्वतव्वाला पुरून अकरा दिवस झाले आणि गौरव्वानं थोरल्या बहिणीची ट्रंक उघडली. लुगडी भाचीला द्यायची होती. लुगड्यांखाली दम्याच्या औषधाच्या नऊ डब्या निघाल्या. एकीचंही सील फोडलेलं नव्हतं.

गौरव्वा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. रडू आलं नाही. मातीच्या वेळीही आलं नव्हतं.

ब्याडगीच्या मिरचीबाजारातल्या गोदामात देठं खुडण्यात दोघी बहिणींची वीस वर्षं गेली. दम्यानं दोघींना तिथंच गाठलं. डॉक्टर अंगडींनी दोघींना एकच औषध दिलं. तोंडाला लावायच्या छोट्या यंत्रात कॅप्सूल घालायची, पिळायची आणि आतली पूड जोरात ओढायची. रोज, न चुकता. घेते, असं पार्वतव्वा सांगायची. मग एका भर दुपारी ती मिरचीच्या ढिगाला टेकून बसली, ती उठलीच नाही.

गौरव्वानं डब्या पिशवीत भरल्या आणि दवाखान्यात जाऊन टेबलावर ओतल्या.

"अक्काच्या आहेत. परत घ्या."

डॉक्टरांनी एकेक डबी उलटसुलट करून पाहिली. "पण मी दर महिन्याला विचारत होतो. हे बघ तिचं कार्ड. तक्रार नाही, तक्रार नाही. सगळीकडे तेच."

"काय विचारत होता?"

"औषध बरं आहे ना, म्हणून."

"तुम्ही 'बरं आहे ना' म्हटल्यावर ती 'हो' नाही तर काय म्हणणार? डॉक्टरला कोण तोंडावर नाही म्हणतं?"

"मला नाही, तुला तरी काही बोलली असेल."

बोलली होती. "दिवसभर मिरचीची पूड खायची आणि घरी येऊन परत पूडच ओढायची? ठसका लागला की वाटतं, गोदामातच बसलेय." हे ऐकून गौरव्वा हसली होती. "तुझे लाडच फार," असंही म्हणाली होती. आता तिनं ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "तू तरी घेतेस ना?"

"परत 'ना'."

पार्वतव्वाचं कार्ड बाजूला सारून त्यांनी तिचं काढलं. मग म्हणाले, "बरं. आठवड्यातून किती दिवस घेतेस?"

"दोन. कधी तेवढेही नाही."

"का?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "अक्काला लागायचा तसाच ठसका मलाही लागतो. छातीत काही गेलं की नाही, तेही कळत नाही. नुसता घसा खवखवतो."

डॉक्टरांनी कपाटातून दुसरा पंप आणि प्लास्टिकची फुगीर नळी काढली. "यात पूड नाही, फवारा आहे. औषध आधी नळीत जातं. घाई नको, हळू ओढ."

तिनं ओढलं. खोकला आला नाही.

"कसं वाटलं?"

"काही नाही." मग ती म्हणाली, "कडू लागतंय."

"घेतल्यावर चूळ भरायची, गिळायचं नाही." डॉक्टरांनी कार्डावर 'कडू लागतं' असं लिहिलं.

औषध तेच आहे, फक्त घ्यायची तऱ्हा वेगळी, असं त्यांनी निघताना सांगितलं. गौरव्वानं पंप आणि नळी रिकाम्या पिशवीत टाकली.

ती रोज सकाळ-संध्याकाळ नळी तोंडाला लावू लागली. तिसऱ्या आठवड्यात पाण्याची घागर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत न थांबता आली. दारात उभी राहिली तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं. आनंद असा झाला नाही. तिनं घागर उतरवली आणि जोंधळ्याची भाकरी थापायला घेतली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. काय आवडत नाही, किती वेळा राहून गेलं, सगळं विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"आणखी काही?"

गौरव्वानं पदर सावरला. "नाही," म्हणाली आणि उठली. बाहेर बाकावर गोदामातलीच एक बाई खोकत बसली होती. गौरव्वा तिच्या शेजारी टेकली.

"तुला पूड देतात की फवारा?"

"पूड. का गं?"

"आवडते?"

बाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "औषध ते. आवडायचं काय त्यात?"

"आत गेलीस की डॉक्टरांना हेच सांग," गौरव्वा म्हणाली आणि कामावर गेली.