वीतभर जाळी

प्रमाण १:१००

मी घरांचे नकाशे काढायचे. आता चादरींची नक्षी काढते. परभणीत लोक विचारतात, एवढं आर्किटेक्टचं शिकून हे काय मधेच? मी म्हणते, चादरीवरून कुणी पडत नाही. लोक हसतात.

शेवटचं घर ताडकळसचं. माझ्या भावाचं, सिद्धोधनचं. गच्चीच्या कठड्याला सिमेंटची जाळी होती. तिच्यातून त्याची यशोधरा खाली पडली. तीन वर्षांची होती.

प्रमाण १:२०

नकाशात जाळीचा गाळा, म्हणजे मधलं भोक, चार इंच. बांधला गेला नऊ इंच. सगळ्यांनी आधी नकाशा पाहिला, मग जाळी पाहिली, आणि दोष आश्रुबा मिस्त्रीवर गेला. गावात त्याला काम मिळेना. आता पूर्णेत दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवतो म्हणे.

मी फूल काढते. पान काढते. छापून आलेल्या चादरीला टेप लावते. दोन फुलांमधली जागा नऊ इंच. दुसरी काढते.

नऊ.

व्यापारी म्हणतो, मोकळी नक्षी लय चालायलीय, बदलू नका.

प्रमाण १:१, म्हणजे आहे त्या आकारात

काल भावजय आली, प्रियांका. सातवा महिना. बाळासाठी चादर हवी होती, दुकानातली नको, आत्याच्या नक्षीची. गच्चीचं दार विटांनी बुजवल्याचं तिनं सांगितलं. आश्रुबा माफी मागायला आला होता, सिद्धोधननं त्याला दारातूनच हाकललं, हेही. तो उलटून एक शब्द बोलला नाही.

एक शब्द नाही.

"त्यानं मला फोन केला होता," मी म्हणाले.

ती चादरी बघत होती.

"चार इंची जाळी लय दाट दिसायलीय म्हणाला. वीतभर ठेवू का, विचारलं. मी ठेवा म्हणाले."

तिनं हातातली चादर पलंगावर पसरली. पंजा ताणून दोन फुलांच्या मधे ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बरोबर बसला.

"यशू त्यातच डोकं घालून बसायची," ती म्हणाली. "म्हणायची, आत्याची गाडी दिसायलीय."

मी काही बोलू लागले. काय, ते आठवत नाही. तिनं पंजा उचलला नाही.

"ताई, आश्रुबाचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

होता. दोन वर्षांत मी तो पुसला नव्हता आणि लावलाही नव्हता. दहा आकडे वाचून दाखवले. तिनं ते फोनमध्ये घेतले.

चादर तशीच पसरलेली राहिली.

दाराशी तिला वाकून सँडलचा पट्टा लावता येईना. मी खाली बसले, हात पुढे केला. तिनं पाय मागे घेतला. मग दोन्ही सँडल हातात धरून, भिंतीला टेकत, एकेक पायरी मोजत ती उतरली.