फोनवरची माउली

या, जवळ सरकून बसा. नारायणगुड्यातल्या त्रिवेणीबाईंची गोष्ट सांगतो. उठताना मन भरलेलं असेल.

"सगळे पैसे गेले गं शहनाज, सगळे!" बाईंनी मोबाईल काउंटरवर ठेवला. गल्लीच्या तोंडाशी शहनाजचं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान. वर्षानुवर्षांच्या शेजारानं तिला मराठी कळे, बाईंना तिची दखनी उर्दू.

"आया सो ओटीपी नंबर कायकू बोले अम्मा फोनवाले कू?"

"अगं, मराठीत बोलला ना! 'माउली, तुमचं कार्ड बंद होतंय,' म्हणाला. चाळीस वर्षांत या तेलुगू-उर्दू शहरात बँकेतून मराठीत फोन आला नव्हता. वाटलं, आपलाच माणूस."

गेले ते बाईंच्या नवऱ्याच्या, नामदेवरावांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. कीर्तनाला दोन जिने चढवेनात म्हणून वर्षभर घरी बसलेला माणूस. त्याला काय तोंड दाखवायचं?

"रोना बाद में. कित्ती देर हुई?"

"वीसेक मिनिटं."

शहनाजनं गिऱ्हाइकांना हातानंच थांबवलं. एका फोनवरून सायबर फसवणुकीसाठीचा १९३० नंबर लावला, तक्रार नोंदवली. दुसऱ्यावरून, कार्डाच्या पाठीवरचा नंबर बघून, कार्ड बंद करवलं. मग अर्धं शटर ओढून बाईंना रिक्षात घातलं आणि हिमायतनगरच्या शाखेत नेऊन खातं गोठवलं, पासवर्ड बदलवले.

परतताना म्हणाली, "अब भगवान की आवाज में बी कोई पूछा, तो नंबर नक्को बोलना."

"देव कशाला विचारेल गं?" रडता रडता बाई हसल्या.

घरी सगळं सांगितलं. नामदेवरावांनी त्यांना शेजारी बसवलं. मग म्हणाले, "माउली म्हटल्यावर मीपण नंबर सांगितला असता."

वेळेत तक्रार झाल्यानं चोराच्या खात्यातच बरीचशी रक्कम अडकली होती. तीन महिन्यांनी ती परत आली. थोडी गेली ती गेलीच. ऑपरेशन झालं.

बाई बेसनाचे लाडू घेऊन दुकानात गेल्या, तर शटरला कुलूप. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, शहनाज लेकीकडे निजामाबादला गेली, ती कायमचीच. बाईंनी लाडू त्यालाच दिले.

ऑपरेशननंतरच्या एका एकादशीला सुलतान बाजारातल्या कीर्तनाला नामदेवराव काठी टेकत, आपल्या पायांनी दोन्ही जिने चढले. आरतीनंतर बुवांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या नावानं मागणं मागायचं?" कुणी लेकाचं नाव दिलं, कुणी नातवाचं. त्रिवेणीबाई उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "शहनाज." बुवांनी नाव घेतलं, सगळ्यांनी हात जोडले.

तुम्हीही आज दिवा लावाल तेव्हा तिचं नाव घ्या, एवढंच मागणं.