नवमीला मी पाटावर होते

मी पत्र्याची कात्री बोलतेय. शिंप्याकडची नव्हे. ती कापडातून सुळकन फिरते आणि दिवसभर गाणी ऐकते. माझं आयुष्य करकर करण्यात गेलं, त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. जे सांगणार आहे तेही गोड नाही.

माझी लांबी चौदा इंच. त्यातली पाती जेमतेम तीन इंचांची, बाकी सगळे दांडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे काय ध्यान! पण जाड पत्रा कापायला असंच अंग लागतं. तोंड आखूड आणि दांडे लांब असले की हाताचा थोडा जोरही पात्यांवर भरपूर पोचतो. मला साच्यात ओतून बनवलेलं नाही. तापलेल्या पोलादावर घणाचे घाव घालून घडवलं आणि मग धारेला पाणी पाजलं. त्या वेळची चरचर अजून आठवते.

पुढे खोक्यात पडून मी रोह्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आले आणि तिथे वर्षभर खिळ्याला टांगून राहिले. गिऱ्हाइकं मला उचलायची, हवेत दोनदा कचकच करायची, ‘लई जड हाय’ म्हणून परत टांगायची आणि शेजारची लाल रबराच्या मुठीची घेऊन जायची. काहीजण कागद कापून बघायचे. कागद काय, नखांनीही फाटतो. माणसं हत्यार रंगावरून निवडतात हे मी तिथे शिकले, आणि तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

मग एक दिवस तळा गावचा धाकू आला. पन्हळी, धान्याच्या कोठ्या, घरांची छपरं असं पत्र्याचं काम करणारा माणूस. घरची थोडी भातशेती, पण पोट पत्र्यावर. त्याने खिशातून वीतभर लांबीची पट्टी काढली. अठरा गेजची. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, आणि अठरा गेज म्हणजे हाताने कापायच्या पत्र्यातला जवळजवळ शेवटचा. त्याहून जाड पत्र्यासाठी मशीन लागतं.

त्याने आधी मला दाराच्या उजेडात धरून दोन पात्यांमधली फट बघितली. कानाजवळ नेऊन हलवलं, सांध्यात खुळखुळ आहे का ते ऐकलं. दांडे पूर्ण मिटून त्यांच्यामध्ये बोट सापडतंय का ते बघितलं. मग ती पट्टी माझ्या तोंडात दिली आणि मुळापासून टोकापर्यंत कापली. कापलेल्या कडेवरून अंगठा अलगद फिरवला. एक झाली, मग दुसरी घेतली, मग तिसरी. चार कात्र्या त्याने अशा तपासल्या.

दुकानदार कंटाळून म्हणाला, “दादा, कात्री घेताय की मुलगी बघताय?”

“मुलगी बघायला एवढा येळ लावला न्हवता,” धाकू म्हणाला. “पन हिच्यावर माझी बोटं हायत.”

त्याने मला घेतलं. वर्षभराने मला कुणीतरी नीट बघितलं होतं. मला बरं वाटलं हे लपवत नाही.

धाकूकडे माझे दिवस चांगले गेले. तो मला रोज संध्याकाळी पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. शेजारीपाजारी तार कापायला मला मागायला यायचे, तर तो म्हणायचा, “माझे दात माग, कात्री मागू नको.” तारेने पात्याला खाच पडते आणि मग ती खाच प्रत्येक पत्र्यावर उमटते, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा आणखी एक नेम होता. काहीजण जोर कमी पडला की कात्रीच्या दांड्यावर पाइप चढवतात. धाकू तसं कधीच करायचा नाही. म्हणायचा, “जिला पाइप लावावा लागतो ती कात्री त्या पत्र्याची न्हाय.” हे वाक्य लक्षात ठेवा.

२०२०च्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं. टाळेबंदीमुळे कामाला गडी मिळेना. धाकूचा मुलगा प्रथमेश पनवेलकडे कारखान्यात अडकलेला. तेव्हा पत्र्याचं दुसरं टोक धरायला घरातून उठली ती सून, जयमाला. आम्ही तिघं दिवेआगरला गेलो. वाडीतल्या सुपाऱ्या ओळीने आडव्या झाल्या होत्या आणि एका घराचा पत्रा माडाच्या बुंध्याला घट्ट गुंडाळून बसला होता. तो कापून सोडवायचं काम धाकूने तिला दिलं. तिचा हात लहान, माझे दांडे तिच्या मुठीत मावेनात.

“हातानं न्हाय, अंगानं दाब,” धाकू म्हणाला. “एक दांडा मांडीला टेकव. आन तोंड पुरं मिटू नको. टोकाला आलीस का थांब, पुढं सरक, मग परत दाब.”

तिने तसं केलं. तासाभराने पत्रा खाली पडला. तळहाताला फोड आला होता, तो तिने सासऱ्याला दाखवला नाही. त्या दिवसापासून मी दोघांची झाले. पुढची तीन-चार वर्षं किती छपरं झाली याची मोजदाद नाही. बायका जयमालाला छपरावर बघून आधी हसायच्या, मग आपल्या पन्हळीचं माप तिलाच सांगायच्या.

आता मागच्या वर्षीच्या खंडेनवमीबद्दल सांगते.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी धाकू सगळ्यांना रॉकेलने पुसतो. सकाळी पाटावर हातोडी, छिन्नी, पक्कड आणि मधोमध मी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती. एकदा फूल वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लोखंडाला विश्रांती. मलाही हा मान आवडायचा. वर्षभर राबल्यावर एक दिवस कुणी आपल्यापुढे हात जोडले तर कुणाला आवडणार नाही?

त्या वर्षी माझ्यावरचं कुंकू अजून ओलं होतं आणि वरच्या आळीतली मनुबाई धापा टाकत आली. तिच्या छपराचं एक पाख, म्हणजे एक उतरती बाजू, कौलांचं, दुसरं पत्र्याचं, आणि दोन्हींच्या मधली पन्हळ गंजून चाळण झाली होती. गणपतीपासून धाकू तिला ‘उद्या येतो’ म्हणत होता. नवीन पन्हळीचा अठरा गेजचा पत्रा तिच्या अंगणात पंधरा दिवस नुसता पडून होता. त्या पन्हळीच्या खालच्याच खोलीत तिची लेक कमळ बाळंतीण होती. बाळ नऊ दिवसांचं.

“धाकूभाव, मोबाइलवर सांगतायत, सांजेला जोराचा पाऊस हाय,” मनुबाई म्हणाली. “पोर भिजंल माजं.”

धाकूने पाटाकडे बघितलं. जयमाला म्हणाली, “मामा, कात्री उचलते. देव काय रागावनार न्हाय.”

“न्हाय. माझ्या बापानं कधी उचलली न्हाय,” धाकू म्हणाला. “आज हत्याराला सुट्टी हाय, माझ्या हाताला न्हाय. बाजारातनं दुसरी घेऊ. तिची पूजा झालेली न्हाय, ती चालंल.”

देवाचाही मान राहिला आणि मनुबाईचाही शब्द राहिला, असं त्याला वाटलं असणार. मला फुलाखालून ओरडता आलं असतं तर ओरडले असते. कारण ती पारखायची अठरा गेजची पट्टीही हत्यारांबरोबर पाटावर होती. तिच्यावरही कुंकू होतं. तीही उचलायची नव्हती.

पुढचं मी बघितलेलं नाही. पण घरात इतक्यांदा ऐकलंय की बघितल्यासारखंच आहे.

बाजारात सणामुळे एकच दुकान अर्धवट उघडं होतं. लाल रबराच्या मुठीची, चकचकीत कात्री टांगलेली होती. ज्या माणसाने चार कात्र्या तपासून मला निवडलं होतं, त्याने ती कचकच करून बघितली आणि पिशवीत टाकली. जयमाला म्हणाली, “मामा, हिचा सांध्याचा रिव्हेट हलतोय.” तो म्हणाला, “एका पन्हळीपुरतं तर काम हाय.”

मनुबाईच्या अंगणात पत्रा जमिनीवर ठेवून धाकू कापायला बसला. दोन इंच कापला आणि पाती फाकली. पत्रा कापला जाण्याऐवजी त्यांच्यामध्ये दुमडून अडकला. आभाळ भरत होतं. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आणि धाकूने तिथे पडलेला नळाचा पाइप उचलून दांड्यावर चढवला. आयुष्यभर दुसऱ्यांना नको म्हणून सांगितलेली गोष्ट त्याने केली आणि अंगाचा सगळा भार टाकला. रिव्हेट तुटला. दांडा सुटला. धाकू पुढे तोंडावर पडला आणि त्याचं उजवं मनगट पत्र्याच्या ताज्या कापलेल्या कडेवर आलं.

जयमालाने पदर फाडून मनगट आवळलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर होता आणि तिला एकच विचारत होता, “पन्हळ कोन बसवंल?” कुणीच बसवली नाही. संध्याकाळी पाऊस आला. मनुबाई लेकीला आणि बाळाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेजारच्या घरी घेऊन गेली. आमच्या घरात दसऱ्याची पूजा झाली नाही. मी चार दिवस तशीच पाटावर पडून होते, फूल माझ्यावरच सुकलं.

डॉक्टरांनी शिवलं, जमेल तेवढं जोडलं. पण तीन बोटं आता मिटत नाहीत. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, “हत्यारांचा मान ठेवलास म्हनून जीव वाचला. जिवावरचं हातावर निभावलं.” धाकू मान हलवायचा. मला फार राग यायचा. माझा कसला मान? मी पाटावर सजून बसले आणि त्याचा हात गेला. तो पत्रा मी वीस मिनिटांत कापला असता, आणि पाइपाची गरजही पडली नसती.

मनुबाई रोज यायची, उंबऱ्याशी बसायची आणि उठून जायची. धाकूच तिला एकदा म्हणाला, “तुझा दोस न्हाय. मीच रोज उद्या उद्या केलं.” ती रडायला लागली. त्यानंतर आठ दिवसांनी जयमाला मला घेऊन एकटी तिच्याकडे गेली आणि पन्हळ बसवून आली.

धाकू आता दिवसभर ओटीवर असतो. कधी कधी मला मागून घेतो, उजव्या मुठीत धरायला बघतो. एक दांडा अंगठ्याखाली राहतो, दुसरा निसटून खाली पडतो. मग डाव्या हाताने पुसून परत देतो. पूर्वी तो पुसताना काहीतरी गुणगुणायचा, ते आता नाही.

यंदा पुन्हा नवमी आली. त्याने डाव्या हाताने सगळी हत्यारं पाटावर मांडली. मधली जागा मात्र रिकामी होती. मी जयमालाच्या पिशवीत होते. पलीकडच्या वाडीत एका घराचा पत्रा उडाला होता आणि ती निघाली होती.

“कात्री कुठाय?” धाकूने विचारलं.

“ती कामावर चाललीय, मामा.”

धाकूचा चेहरा उतरला. बापाच्या वेळेपासून चाललेलं मोडत होतं, आणि अडवायचं कुठल्या तोंडाने? जयमाला दारापर्यंत गेली, थांबली, मागे आली. पिशवी खाली ठेवून पाटासमोर बसली.

“तुमचा हात द्या, मामा.”

त्याला कळलं नाही. तिने त्याचा उजवा हात धरला आणि माझ्या रिकाम्या जागेवर ठेवला. न मिटणाऱ्या तीन बोटांना हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

“सुट्टी याला द्यायची व्हती,” ती म्हणाली.

धाकूने हात काढून घेतला नाही. तो त्या फुलाकडे बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. पिशवीच्या तोंडातून मी ते बघितलं.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. मला घ्यायला दुकानात जाल तेव्हा खिशात एक पट्टी घेऊन जा, आणि ज्या दिवशी सगळ्यात घाई असेल त्या दिवशीही ती घरी विसरू नका. मला फुलं वाहू नका. माझी पुरती पारख करा आणि पत्र्यापाशी मलाच न्या.

जयमालाने पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. त्या दिवशी मी बारा पत्रे कापले. संध्याकाळी परत आलो तेव्हा धाकू पाटासमोर तसाच बसून होता, हातावरचं फूल त्याने हलू दिलं नव्हतं.