आमेनच्या आधी दाबलेलं बटण

मी स्टॉपवॉच. बटण दाबलं की पळायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं. आयुष्यात एवढंच शिकलोय, तेही वर्गात न बसता. म्हणून डोकं शाबूत आहे.

मैदान, घाम, शिट्ट्या, पोरांची बोंबाबोंब, असं काहीतरी नशिबात येईल वाटलं होतं. पण मला विकत घेतलं एका मॅडमनी. वसई-विरारच्या शाळाशाळांतून त्या लहान मुलांची बुद्धी मोजत फिरतात. मुलांनी रंगीत ठोकळे चित्राप्रमाणे जुळवायचे, मी सेकंद मोजायचे आणि मॅडमनी ठरवायचं, हुशार की मठ्ठ. मोठ्या माणसांची गंमतच आहे. स्वतः चहा ढोसत तासभर 'बघू, करू' म्हणतील, पण लहान पोर जरा विचारात पडलं की लगेच मंद!

गेल्या महिन्यात पाचूबंदरची फेलिशिया माझ्यासमोर बसली. दुसरीतली, कोळ्यांची पोर. वाचताना तिची अक्षरं गडबडायची. हेडसरांनी आधीच ठरवून टाकलं होतं, चाचणीत गुण कमी पडले की पोरीला स्पेशल शाळेत धाडायचं. म्हणजे त्यांच्या डोक्याचा ताप गेला.

"स्टार्ट!" म्हणत मॅडमनी मला दाबलं. फेलिशियाने ठोकळ्यांना हातच लावला नाही. क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पूर्ण, आमेनपर्यंत. मग कुठे ठोकळे उचलले, तर वेळ संपली. पुढच्या कोड्याला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. मी आपला धावतोय बिनडोकासारखा.

मॅडमनी अहवालात लिहिलं, 'मंदगती'.

हेडसरांनी तिच्या आईला बोलावलं. रोझलीन मासळीबाजारातून तशीच आली.

"तुमची मुलगी स्लो आहे. दुसरी शाळा बघा."

"स्लो? घरात तर कोनाला ऐकत नाय ती! केलं तरी काय तिनं?"

"प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून बसते," मॅडम म्हणाल्या.

रोझलीनला हसूच फुटलं. "अवो टीचर, ती देवाला बोलवते! काम हातात घेतलं का आधी प्रार्थना, आमीच शिकवलंय. हिचा बाप पन त्याबिगर होडी सोडत नाय. आमेन झालं का मग दाबा तुमचं घड्याळ."

"असं नियमात बसत नाही," हेडसर म्हणाले.

"मग तुमी रोज सकाली पोरांना हात जोडून उभं करताव, तवा कोन घड्याळ लावतं?"

हेडसर चष्मा पुसायला लागले. अडचण आली की या लोकांचा चष्मा बरोबर मळतो.

मॅडमनी फेलिशियाला समोर बसवून पिशवीतून दुसरी चित्रं काढली. या वेळी आमेनची वाट बघितली आणि मग मला दाबलं. मी नीट धावायलाही लागलो नव्हतो, तोवर पोर म्हणते, "झालं. अजून हाय?"

जुना अहवाल फाडून मॅडमनी नवा लिहिला. बुद्धी चांगली आहे, अडचण वाचनाची आहे, वेगळ्या पद्धतीने शिकवावं.

"पण आता हिचं करायचं काय?" हेडसरांचं रडगाणं चालूच.

"शिकवा की," रोझलीन म्हणाली.

फेलिशिया त्याच वर्गात आहे. अक्षरं अजून अडतात, पण वर्गाच्या टीचर ती वाळूत बोटाने गिरवून घेतात.

माझं बटण आता झिजलंय. तरी उद्या मनवेलपाड्याच्या रीमाची तोंडी चाचणी आहे. ती बोलताना अडखळते, पहिला शब्द फुटायलाच वेळ लागतो. तिच्याकडे सांगायला आमेन नाही, आणि भांडायला रोझलीन नाही. म्हणून मीच सांगतो. मॅडम, आधी तिच्या तोंडाकडे बघा, शब्द फुटला की मग मला दाबा. घाई कसली आहे? पोर सात वर्षांची आहे.