आधी पाहुण्यांनी बसायचं

साक्रीकडच्या त्या गावात डोंगरावर हौसेने कोणी जात नसे. गुरं जात, गुरांमागे गुराखी जात, गवताला बायका जात. पण पोटभर जेवलेला, धुतलेलं धोतर नेसलेला माणूस भर दुपारी उगाच डोंगर चढला, असं सत्त्याऐंशी सालापर्यंत तरी घडलं नव्हतं.

घडवलं ते मोतीलालने, आणि तेही बिचाऱ्याने घाबरून. त्याच्या प्रमिलाला बघायला चोपड्याकडचे तोताराम आबा आले होते. मुलाचे वडील, तापीकाठचे केळीवाले. मुलगी दाखवून झाली, खापरावरचे मांडे खाऊन झाले, तरी आबा हो म्हणेनात की नाही म्हणेनात. ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. गेल्या साली एक चांगली सोयरीक केवळ मुलाच्या काकाला चहा शेवटी दिला म्हणून मोडली होती. तेव्हापासून पाहुण्याने नुसता घसा खाकरला तरी मोतीलाल हातातलं टाकून उभा राही.

"या डोंगरनं नाव काय शे, भाऊ?" आबांनी विचारलं.

शहाण्या माणसाने नाव सांगून मोकळं व्हावं. पण मोतीलालला वाटलं, पाहुण्यांना वर जायचंय आणि भिडेपोटी बोलवत नाहीये. "चाला, दखाडस तुम्हले," म्हणत तो उठलासुद्धा. आबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग सुपारी खिशात टाकून त्यांनी वहाणा पायात सरकवल्या.

मोतीलाल स्वतः वीस वर्षांत त्या डोंगरावर गेला नव्हता. पाऊण तासाची वाट, पण पोटात चार मांडे होते. पहिल्याच चढावर त्याला धाप लागली. वाटेत आंब्याखाली सपाट, गार, बसण्यासाठीच घडवल्यासारखा एक दगड होता. मोतीलालने त्याच्याकडे आशेने पाहिलं. पण मुलाकडचा पाहुणा बसल्याशिवाय मुलीच्या बापाने बसायचं नाही, ही रीत. आणि आबांना "थकनात का?" विचारावं, तर केळीचे घड उचलणाऱ्या माणसाच्या ताकदीवर शंका घेतल्यासारखं व्हायचं. आबा दगडाजवळ थांबले, त्यांनीही दगडाकडे पाहिलं, मोतीलालकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागले. गडी पोलादाचा दिसतो, मोतीलाल मनात म्हणाला, आणि रडकुंडीला येऊन त्यांच्या मागोमाग निघाला.

पुढे आबांना अचानक शेतीत गोडी वाटू लागली. दहा पावलांवर थांबून ते प्रश्न विचारत. भुईमूग किती? विहिरीला पाणी कुठवर? मोतीलालही मेलेल्या बैलाच्या वंशावळीसकट सविस्तर उत्तर देई, कारण उत्तर संपलं की चालावं लागे. शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"हाई कसानं झाड शे?" आबांनी विचारलं.

"निंबनं," मोतीलाल म्हणाला.

साठ वर्षांच्या शेतकऱ्याला कडुनिंब ओळखू येऊ नये, याचं नवल करायलाही त्याच्या छातीत दम नव्हता. दोघांनी ते झाड बराच वेळ, अगदी मन लावून पाहिलं.

माथ्यावर पोचले तेव्हा खाली पांझरेचं पात्र, कांद्याचे हिरवे वाफे, घरांची कौलं असं सगळं सुरेख पसरलं होतं. ते बघायला दोघांचेही डोळे ठिकाणावर नव्हते. आबांचे पाय लटपटत होते. मोतीलालचे तर कधीचेच. तरी दोघं खांबासारखे उभे.

तेवढ्यात घळीतल्या आडवाटेने पदर खोचलेली प्रमिला वर आली, हातात पाण्याचा तांब्या. अंगणातून तिला दोन पांढऱ्या टोप्या दर दहा पावलांवर थांबताना दिसल्या होत्या. एकदा दाखवून झालेल्या मुलीने पुन्हा पाहुण्यांपुढे यायचं नसतं. ही दुसरी सोयरीकही गेली, तो समजला.

"आबा, बठा," ती म्हणाली. "नाना, तुम्ही बी बठा. काय उभा राह्यनात?"

आबा धपकन बसले, मागोमाग मोतीलालही. आबा घटाघटा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "भाऊ, मी त फक्त नाव इचारं व्हतं."

मोतीलालला आधी कळेना, मग हसू आवरेना. आबाही हसले, पण लवकर थांबले. "आमना घरमा माले कोनी बठा म्हनस नही," ते म्हणाले. "सगळा वाट दखतस, मी कव्हय बठसू. भाऊ, पोर पसंत शे."

प्रमिला लाजून रिकामा तांब्या घेऊन घळीत उतरली. आबा गुडघ्यांवर हात देऊन उठले. "चाला, खाले जाऊत. सुपारी फोडूत."

मोतीलाल उठला नाही. तो घळीतून खाली खाली जाणारा पदर बघत होता. शेतातून आल्यावर "नाना, बठा" म्हणून त्याच्या हातातलं ओझं घेणारी घरात हीच एक होती, आणि आता ती चोपड्याला जायची. ज्यासाठी वर्षभर देव पाण्यात ठेवले, ते मिळालं होतं, आणि त्याला रडू येत होतं.

"आखो जराक बठूत, आबा," तो म्हणाला.

आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते पुन्हा त्याच्या शेजारी बसले.